मावशींचं फेरवजन

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता गिरणीवाल्या मावशी माझ्यावर उभ्या राहिल्या आणि सारी वखार हसली.

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. धान्याच्या वखारीत, दाराच्या आतल्या बाजूला माझी जागा. खाली लोखंडी फळी, बाजूला खांब, खांबावर आडवी दांडी आणि दांडीवर सरकणारं पितळी वजन. मला पोत्यांसाठी बनवलं. दरवर्षी तपासनीस येतो, मला पारखतो आणि शिक्का मारून जातो. मी खोटं बोलत नाही, एवढीच माझी मिजास.

सुरुवातीची वर्षं मानाची होती. गावाचं सगळं पीक माझ्यावरून जायचं. दांडी सरळ झाली की मापाडी खणखणीत आवाजात वजन दोनदा पुकारायचे. विकणाऱ्याने ऐकावं, घेणाऱ्याने ऐकावं, कोणाच्या मनात शंका राहू नये. कोणी हरकत घेतली तर फेरवजन. पुकारण्याची ही पद्धत आजही आहे. सोमवारचा घोळ तिनेच केला.

मावशींना मी त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून ओळखतो. सासूबरोबर धान्य घेऊन आल्या होत्या. सासूनेच त्यांना कौतुकाने फळीवर ढकललं.

"काकू, अर्धं पोतंसुद्धा भरत नाही की हो सूनबाई!" मापाडी म्हणाले.

"घरात दाण्यांना तोटा नाही. हिच्याच अंगी लागत नाही, त्याला मी काय करू?"

तेव्हाही सगळे हसले होते. सूनबाईही हसल्या होत्या.

मग गावाची चाल बदलली. शेतात यंत्रं आली, चार पावलांवर जायलाही मोटारसायकल आली. पायवाटेचा रुंद रस्ता झाला आणि त्यावर ट्रक असे सुसाट धावू लागले की कोणी पायी चालेना. पूर्वी वखारीतून धान्य बाहेर जायचं. ते आताही जातं, पण परतीच्या गाडीतून साखरेची पोती, तेलाचे डबे, बिस्किटांची खोकी आणि रंगीत गोड पाण्याच्या बाटल्या येतात. त्याही माझ्यावरच उतरवतात. मावशी दिवसभर गिरणीत स्टुलावर बसतात. गिऱ्हाईक सोडून जेवायला जाता येत नाही, म्हणून समोरच्या वखारीतून बिस्किटांचा पुडा मागवतात. जो पुडा त्या खातात तोच गाव खातं. मापाड्यांचा पट्टा दोन भोकं पुढे गेला. लंबू हमालाला चार पायऱ्या चढून धाप लागते.

वखारीचे मालक शेठ. रोज चहाच्या वेळी ते माझ्याच फळीवर बसतात. माझी दांडी तेव्हा खिट्टी लावून बंद असते, म्हणून मला आकडा सांगता येत नाही. भार मात्र कळतो. त्यांच्या शर्टाचं खालचं बटण कधी लागलेलं मी पाहिलेलं नाही.

रविवारी संध्याकाळी दवाखान्यातल्या सिस्टर मापाड्यांकडे आल्या.

"मावशींच्या बेंबीपाशी हर्निया आहे. ऑपरेशन लवकर व्हायला हवं. आपल्या डॉक्टरांचं ऑपरेशनचं टेबल एकशे पस्तीस किलोपर्यंत चालतं, आणि आमचा काटा एकशे वीसलाच संपतो. उद्या तुमच्या काट्यावर बघा. वजन त्यात बसत असलं तर याच आठवड्यात करू."

"आणि नाही बसलं तर?"

"मग लांबच्या मोठ्या हॉस्पिटलात नंबर लावायचा. तोवर आतडं अडकलं तर जिवावर बेतेल." दारातून वळून त्या म्हणाल्या, "आणि मापाडीकाका, माणसं नसताना घ्या हं."

"साडेदहाला इथे चिटपाखरू नसतं," मापाडी म्हणाले.

सोमवारी नेमका बाटल्यांचा ट्रक लवकर आला. शेठ, लंबू आणि दोन हमाल चहा घेत दारातच उभे होते. मावशी उंबऱ्याशी थबकल्या. परत फिरतील असं वाटलं. पण त्या आल्या, खांबाला धरून चढल्या आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. त्यांच्या पायांना पिठाचा वास होता.

मापाड्यांनी पितळी वजन सरकवलं. दांडी डुलली, सरळ झाली. आणि जन्मभराच्या सवयीने त्यांनी मान वर करून पुकारलं, "एकशे अडतीऽस! एकशे अडतीऽस!"

शेवटचं अक्षर तोंडातून निघता निघता त्यांना कळलं. त्यांनी हाताने तोंड झाकलं.

"अरे, बारदान वजा करा रे!" शेठ ओरडले. बारदान म्हणजे रिकामं पोतं. मालाच्या वजनातून ते वजा करतात.

"शेठ, दीड पोत्याला हमाली दोघांची लागेल!" लंबू म्हणाला.

सगळे पोट धरून हसले. शेठच्या तोंडात बिस्किट होतं. त्याचा ओला चुरा माझ्या फळीवर उडाला, मावशींच्या पावलांजवळ. तिथे आदल्या दिवशीचं गोड पाणी सांडून वाळलं होतं, त्यात मुंग्या चिकटून मेल्या होत्या. शेठनी हसता हसता तेलकट बोटं माझ्या खांबाला पुसली. मित्रांनो, मी कुजका कांदा तोलला आहे, ज्यात उंदीर मेला होता असं पोतंही तोललं आहे. पण इतकी किळस मला कधी आली नव्हती. त्या बोटांचा ओशटपणा अजून माझ्या लोखंडावर आहे.

"झालं का हो?" मावशींनी डोळे न उघडता विचारलं.

"झालं," मापाडी पुटपुटले.

मावशी उतरल्या आणि रस्ता ओलांडून गेल्या. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती. तिच्यात पाण्याची बाटली, सुट्या पैशांचा डबा, किल्ल्या आणि गिरणीचा लोखंडी पाना. ती पिशवी घेऊनच त्या माझ्यावर उभ्या होत्या. थट्टेसाठी बारदान सगळ्यांना आठवलं. पिशवी खाली ठेवा, असं मात्र कोणी म्हटलं नाही.

संध्याकाळी सिस्टर आल्या तेव्हा मापाड्यांना ते आठवलं.

"हातात पिशवी होती?" सिस्टरांचा आवाज चढला. "मग मी किती वजा करू? अंदाजाने? बाटलीतलं पाणी तर आता संपलं असेल. तीन किलोंचा प्रश्न आहे, काका!"

त्या तशाच गिरणीत गेल्या आणि थोड्या वेळाने एकट्याच परत आल्या.

"येत नाहीत. म्हणतात, माझं वजन गावाला पाठ झालंय, त्यांनाच विचारा."

"गंमत केली हो," शेठ म्हणाले. त्यांच्या हातात नवा पुडा होता. "आणि खोटं काय आहे त्यात? खाण्यावर ताबा नको का माणसाचा?"

"शेठ, तुम्ही चढा बरं फळीवर."

"मी? मला काय धाड भरलीये?"

सिस्टरांनी त्यांच्याकडे आणि पुड्याकडे पाहिलं आणि त्या निघून गेल्या.

मंगळवारी मापाड्यांनी लंबूला हाताशी घेऊन माझ्या तिन्ही बाजूंनी छातीभर उंच पोती रचली आणि आडोसा केला. ओल्या फडक्याने फळी घासली. चिकटलेल्या मुंग्या लंबूने नखाने खरवडल्या. मग मापाडी गिरणीच्या दारात जाऊन आले. काय बोलणं झालं, मला ठाऊक नाही. आडोशात कोणी आलं नाही.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. माझी फळी पुसत जा. तिच्यावर बसून खाऊ नका. पोत्याचं वजन खुशाल ओरडून सांगा. माणूस चढला तर आधी त्याच्या हातातलं ओझं घ्या, आणि आकडा त्याला एकट्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू सांगा.

आज बुधवार. सिस्टरांनी डॉक्टरांना अजून आकडा कळवलेला नाही. गिरणी रस्त्यापलीकडे, माझ्या समोरच आहे. तिचा पट्टा सकाळी सातला फिरू लागतो आणि त्याची थरथर माझ्या फळीपर्यंत पोचते. आता अकरा वाजत आले. दळणाचे डबे बंद दारापुढे रांगेने ठेवलेले आहेत. आज थरथर आलेली नाही.