पूजेआधीची गोळी

देह आजारी पडला की आपण त्याला औषध देतो. मन आजारी पडले की त्याला दोष देतो. हा भेद कोणत्या शास्त्रात सांगितला आहे, ते मला ठाऊक नाही. एका सज्जन गृहस्थाच्या छातीवर अनेक वर्षे राहून मी इतके मात्र पाहिले, की दोष देणारी माणसे दुष्ट नसतात. पुष्कळदा ती अत्यंत प्रेमळ असतात. आणि ज्याला दोष लागतो, तोही बहुधा तो मुकाट्याने स्वीकारतो.

मित्रांनो, मी एक जुनी चांदीची डबी आहे. लिंगायत घरांत प्रत्येकाचे स्वतःचे इष्टलिंग असते. गुरू ते विधिपूर्वक देतात आणि त्यानंतर ते देहापासून दूर करायचे नसते. ते ज्यात ठेवून दोऱ्याने गळ्यात धारण करतात, ती मी. कोणी मला करडगी म्हणतात. परभणी जिल्ह्यातल्या पालमच्या आमच्या घरात मात्र मी नुसती डबीच.

निजामाच्या राजवटीतले काही हाली रुपये, म्हणजे तिथली चांदीची नाणी, या घरात जपून ठेवलेले होते. ते वितळवून सेलूच्या एका सोनाराने मला घडवले. त्याने माझ्या झाकणावर बेलाचे त्रिदल कोरले. ते आता झिजून पुसट झाले आहे. प्रथम मी थोरल्या मालकांच्या गळ्यात होते. आमच्याकडे मृताचे दहन करीत नाहीत. त्याला बसवून मातीच्या स्वाधीन करतात आणि त्याचे लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. थोरल्या मालकांचे लिंग असे त्यांच्यासोबत गेले. मी मागे राहिले, आणि त्यांच्या पुत्राने, बसवंतरावांनी, आपले लिंग माझ्यात ठेवले.

बसवंतरावांचे पालमच्या बाजारात किराणा दुकान आहे. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. प्रातःकाळी स्नान करून ते भस्म लावीत, मला उघडीत आणि लिंग डाव्या तळहातावर घेत. उजव्या हाताने जल, भस्म, बेलपत्र वाहत, आणि मग तळहात छातीसमोर धरून लिंगावर दृष्टी स्थिर करीत. तो हात दगडात कोरल्यासारखा निश्चल असे. ही पूजा झाल्याखेरीज अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही, असा त्यांचा नेम. दर सोमवारी ते मला चिंचेने घासून लख्ख करीत. दुकानात बसल्यावर ग्राहक म्हणत, "आप्पा, डबी लय झळकायलीय!" तेव्हा त्यांची छाती किंचित फुगे, आणि ते मला सर्वांआधी कळे.

छातीवर राहणाऱ्या वस्तूला डोळे नसले तरी चालते. मला त्यांचा श्वास कळतो, चाल कळते, आवाज आतून ऐकू येतो. म्हणूनच जे पुढे घडले, त्याची चाहूल मला आधी लागली. परंतु तिचा अर्थ मला लागला नाही.

पहिल्याने नाक गेले. एके दिवशी त्यांनी घरी खोबरे नेले. गंगम्मा, म्हणजे त्यांची पत्नी, वाटी हुंगून म्हणाल्या, "अवो, खवट हाय की हे! दिवसभर दुकानात बसता अन् नाक कुठं ठेवून येता?" बसवंतरावांनी वाटी नाकाशी नेली. त्यांना काहीच वास आला नाही. ते नुसते हसले.

मग झोप बदलली. "रातभर कुणाशी भांडत हुतात?" गंगम्मा सकाळी भाकरी थापता थापता विचारीत. "मला दोन लाथा बसल्या. दिवसा कुणाला उलटून बोलत न्हाईत, अन् झोपेत निजामाची फौज हाणायलात!" मुलासकट घरात हशा पिके.

मग आवाज खाली गेला. सूर्यभान नावाचे एक शेतकरी त्यांचे बालमित्र आहेत. बाजाराच्या दिवशी ते दुकानाच्या पायरीवर बसतात. ते एकदा म्हणाले, "आप्पा, साखरेचा भाव विचारला तर कानात मंत्र दिल्यावानी सांगायलात. मला दीक्षा द्यायचा इचार हाय काय?" तेव्हाही सगळे हसले. परंतु त्या दिवसांत बसवंतराव पुडी बांधताना दोऱ्यात अडखळू लागले होते. ग्राहक पुढे आला की ते डावा हात गादीखाली सरकवीत. तो तिथे आपोआप थरथरत असे.

एके सकाळी पूजेत, दृष्टी स्थिर झाल्यावर, तळहात कापू लागला. लिंग हलले, कडेला आले. त्यांनी उजव्या हाताने ते धरले आणि घाईने मला बंद केले. त्यांचे हृदय इतक्या जोराने धडधडत होते की माझे झाकण वाजले. लिंग तळहातावरून खाली पडणे ही आमच्याकडे सामान्य गोष्ट मानीत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उघडले, थोडा वेळ लिंगाकडे पाहिले आणि हात पुढे केलाच नाही. भीतीने हात अधिक कापे, आणि अधिक कापला की भीती वाढे. त्यानंतर त्यांनी मला उघडणेच सोडले. देवघराचे दार लोटून ते पूजेच्या वेळेइतके नुसते बसून राहत.

आता मित्रांनो, नेम आठवा. पूजा नाही तर अन्न नाही. बसवंतराव खोटे बोलणारे नव्हते. पूजा झाली असे ते कधी म्हणाले नाहीत. बाहेर येऊन ते इतकेच म्हणत, "भूक न्हाई." गंगम्मांना वाटे, यांचे आपल्यावरून मन उठले. शेजारच्या बायका म्हणत, कुणीतरी करणी केली असेल. सायंकाळी कोणी फारच आग्रह केला तर ते चार घास खात, आणि ते घास त्यांना अपराधासारखे उतरत, हे गळ्याजवळ राहून मला कळत असे. माझी चांदी काळी पडली. माझा दोरा त्यांच्या छातीवर सैल लोंबू लागला.

एकदा गंगम्मांच्या संयमाचा बांध फुटला. "माझं काय चुकलं ते तरी सांगा! भाकर कडू लागायलीय का माझ्या हातची?"

"तुझं काय न्हाई," ते म्हणाले.

"मग कुणाचं हाय?"

ते उठून दुकानाकडे निघाले. त्यांच्या मनात उत्तर तयार होते, की दोष माझ्या हाताचा आहे, आणि हाताचा म्हणजे माझाच.

पुढच्या बाजारी ते दुकानात तोल जाऊन खाली बसले. सूर्यभानांनी त्यांना सावरले, तेव्हा लपवलेला हात त्यांच्या हाती लागला. ते एकदम गंभीर झाले. "हे कवापासून हाय?"

"म्हातारपण हाय, दुसरं काय."

"माझं वय काय कमी हाय? माझा कापायलाय का?" सूर्यभान म्हणाले. त्यांनी गंगम्मांना घरून बोलावून घेतले. "वहिनी, उद्या परभणी. न्हाई म्हनले तर मी खांद्यावर टाकून एसटीत बसवतो."

परभणीत मेंदूच्या विकारांच्या एक डॉक्टर आहेत, डॉक्टर अर्पिता. वयाने तरुण, बोलण्यात शांत. दुसऱ्या दिवशी तिघे त्यांच्याकडे गेले. त्यांनी बसवंतरावांना चालायला लावले. चालताना डावा हात झुलत नव्हता. बोटे उघडझाप करायला लावली. ती उघडझाप हळूहळू लहान होत थांबली. नंतर त्यांनी जे विचारले, त्याची कोणालाच अपेक्षा नव्हती. "काका, वास येतो का? झोपेत हातपाय झाडता का?"

गंगम्मा चकित झाल्या. "बाई, तुमाला कसं कळलं?"

"अलीकडच्या संशोधनात हे स्पष्ट झालं आहे, काकू. या आजाराला पार्किन्सन म्हणतात. पुष्कळांना हात कापायच्या कितीतरी वर्षं आधी वास येईनासा होतो, झोप बिघडते, मन उदास होतं. पूर्वी आम्ही फक्त हात तपासायचो. आता मनाचीही विचारपूस करतो." मग त्या बसवंतरावांकडे वळल्या. "काका, इतक्यात कशात आनंद वाटला?"

"दुकान उघडतो," ते म्हणाले. "बंद करतो."

"जगू नये असं वाटतं का?"

गंगम्मांनी पदर तोंडाशी नेला. बसवंतरावांचा श्वास माझ्याखाली थांबला. "मरावं असं न्हाई वाटत," ते शेवटी म्हणाले. "पण जगायचा हक्क ऱ्हायला न्हाई, असं वाटतं."

डॉक्टरांनी हात समोर धरायला सांगितले. त्यांनी डावा तळहात छातीसमोर वर करून धरला. त्यांच्या हाताला दुसरी रीतच ठाऊक नव्हती. क्षणभर तो स्थिर राहिला, आणि मग हळूहळू थरथरू लागला. रिकाम्या तळहाताकडे पाहता पाहता त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

"याच हातावर लिंग घ्यायचं असतं," ते म्हणाले.

"घेता का?"

"न्हाई. पाडायचं पाप नको."

तेव्हा गंगम्मांना उपासाचा अर्थ कळला. त्या उठून त्यांच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "एवढंच हुतं? अवो, एवढंच हुतं तर मला सांगायचं की! मी मेली माझ्या भाकरीला नावं ठेवत बसले."

डॉक्टरांनी सावकाश समजावले. एकाच टाकीवर दोन नळ असावेत, तसे मेंदूतल्या काही रसायनांचे असते. हाताला चाल तीच देतात आणि मनाला हुरूपही तीच देतात. टाकी आटली की दोन्हीकडे टंचाई. "म्हणून तुमची उदासी हा तुमच्या भक्तीचा कमीपणा नाही, काका. तो आजाराचाच भाग आहे, आणि त्यावर उपचार आहेत. आजार मुळातून जात नाही, हे मी लपवणार नाही. पण त्याच्यासोबत बरंच चांगलं जगता येतं."

त्यांनी दोन औषधे लिहून दिली, एक हालचालीसाठी आणि एक मनासाठी. बोलून मन हलके करण्यासाठी महिन्यातून एकदा यायला सांगितले. हालचालीची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची. थोड्या वेळाने हात सैल होईल, मग पूजा, मग न्याहारी.

बसवंतरावांनी चिठ्ठी परत पुढे सरकवली. "पूजेआधी पाणी चालत न्हाई," ते म्हणाले.

"मग पूजेनंतर घ्या."

"पूजेनंतर घेतली, तर पूजेला हात कसा थांबायचा?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "याचं उत्तर माझ्याकडे नाही," त्या प्रांजळपणे म्हणाल्या. "तुमच्याकडे विचारण्यासारखं कोणी आहे का?"

परतल्यावर तिघेही गावातल्या मठात गेले. मठाचे स्वामी वृद्ध आहेत. बसवंतरावांना दीक्षा देणाऱ्या गुरूंचे ते शिष्य. बसवंतराव खाली मान घालून म्हणाले, "स्वामीजी, हात लिंगाला लायक ऱ्हायला न्हाई."

"कोणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. कापतोय."

सूर्यभानांनी गोळीचा पेच सांगितला. तेवढ्यात गंगम्मा संकोचत म्हणाल्या, "स्वामीजी, बाईमाणसाचं बोलणं हाय, राग नसावा. आपण घास घ्यायच्या आधी लिंगाला अर्पण करतो, मग तो प्रसाद हुतो. गोळीबी अर्पण केली तर?"

स्वामी त्यांच्याकडे वळले. "आई," ते म्हणाले, "हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. विचारायला मात्र पाहिजे होता. गोळी अर्पण करा, पाणीही अर्पण करा. अर्पण केलेलं ते प्रसादच. नेम मोडत नाही."

"अन् लिंग पडलं तर?" बसवंतरावांचा आवाज जेमतेम ऐकू आला.

"पडलं तर उचला आणि मठात या. जो विधी आहे तो मी करीन. तुम्ही उपाशी राहून पडलात, तर तुम्हाला उचलायला आता माझ्या कमरेत बळ नाही."

सूर्यभान मोठ्याने हसले. पुष्कळ दिवसांनी बसवंतरावांच्या छातीतूनही मला हसण्यासारखे काहीतरी ऐकू आले.

दुसऱ्या दिवशी प्रातःकाळी गंगम्मांनी मला चिंचेने घासले, दोऱ्यासकट, बसवंतरावांच्या गळ्यातच. बसवंतरावांनी गोळी माझ्या झाकणावर ठेवली. पाण्याचा पेला माझ्यासमोर धरला. डोळे मिटून मंत्र म्हटला आणि गोळी घेतली. औषधाने पहिल्याच दिवशी चमत्कार केला असे मी सांगणार नाही. त्याला काही आठवडे लागले. त्या दिवशी हात कापतच होता. त्यांनी कोपर मांडीवर टेकवले, उजव्या हाताने डाव्याला खालून आधार दिला आणि मला उघडले. लिंग तळहातावर आले. ते हलत होते, त्यांची दृष्टीही त्याच्यासोबत हलत होती. परंतु त्यांनी हात मागे घेतला नाही. पूजा पूर्ण झाली.

बाहेर येऊन ते चुलीजवळ बसले. गंगम्मांनी पानात भाकरी वाढली. त्यांनी ती मोडली, पहिला घास मला दाखवला आणि खाल्ला. मग दुसरी भाकरी मागितली.

आज ते पुन्हा दुकानात बसतात. पुड्या आता त्यांचा मुलगा बांधतो. काही दिवस वाईट जातात, त्या दिवशी ते डॉक्टरांना फोन करतात. मित्रांनो, मला चिंचेने घासा, एवढेच एखादी जुनी डबी मागू शकेल. मी आणखी एक मागते. तुमच्या घरात कोणी अबोल झाले, जेवेनासे झाले, तर त्याच्याकडून जाब मागण्याआधी त्याच्या जवळ बसा, आणि त्याला डॉक्टरांकडे न्या.

बसवंतरावांचा हात कापत असला तरी रिता न राहो. गंगम्मांची भाकरी गोड लागत राहो. ज्यांनी विचारले आणि ज्यांनी ऐकून घेतले, त्या सर्वांचे कल्याण होवो.