स्फटिकाच्या कड्यावरचा ओशट अंगठा

मित्रांनो, जिन्याखाली पत्र्यावर पडलेलं, सिगारेटच्या थोटकांनी भरलेलं हे जुनं कडं म्हणजे मी. शुद्ध स्फटिकाचं, वीज न वाहू देणारं, परातीएवढं रुंद. एके काळी मी इतका स्वच्छ होतो, की माझ्याजवळ लोक श्वासही जपून घेत.

लेनिनग्राडजवळच्या पाइनच्या रानात आमची अणुभट्टी होती. तिथले संथ न्यूट्रॉन माझ्या पोटात कोंडत. माझ्या वर एक धातूची तबकडी, खाली एक, आणि त्यांच्यात विजेचा प्रचंड दाब. न्यूट्रॉनवर एकूण विद्युतभार नसतो. पण त्याच्या आतली धन आणि ऋण बाजू एकमेकींपासून किंचित सरकलेली असेल का, हा प्रश्न होता. असेल, तर विजेची दिशा उलटवताच त्याचं भोवऱ्यासारखं डोलणं जरासं बदललं असतं, आणि निसर्गाचे कुणालाच ठाऊक नसलेले नियम हाती लागले असते.

झोया आर्कादिएव्हना हा प्रयोग चालवायची. हातमोजे घालून ती मला आम्लानं धुवायची, तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तसं. कित्येक वर्षं काहीच सापडलं नाही. "नाही, हेही उत्तरच आहे," ती म्हणायची.

ती रजेवर असताना विभागप्रमुख गेर्मान लव्होविच मॉस्कोच्या पाहुण्यांना घेऊन आला. नुकताच जेवलेला. धुरावलेल्या माशाचं तेल बोटांवर तसंच. त्यानं उघड्या हातांनी मला उचललं, पाहुण्यांपुढे मिरवलं. तो ओशट अंगठा माझ्या अंगावरून वरपासून खालपर्यंत घसरत गेला. आठवलं की अजून शिसारी येते. मला तसंच बरबटलेलं प्रयोगात बसवलं.

आणि बदल सापडला. गेर्मान लव्होविचनं शॅम्पेन फोडली, मॉस्कोला फोन केला.

झोया परतली, तर झिरपणारी वीज मोजणारी सुई तिला हललेली दिसली.

"वीज कड्यावरून झिरपतेय," ती म्हणाली. "तिचं चुंबकत्व दिशेबरोबर उलटतंय, आणि त्यानंच न्यूट्रॉनचं डोलणं बदलतंय. आपण न्यूट्रॉन नाही, घाण मोजतोय."

"झोया आर्कादिएव्हना, शुभ कामात खोडा घालू नका. आधी जाहीर करू, मग बसा घासत."

"आणि घासल्यावर काही उरलंच नाही तर?"

"तर घासू नका."

त्याच दुपारी तिनं मला बाहेर काढून धुतलं. पुन्हा मोजणी झाली. बदल नाहीसा झाला होता. आठवड्याच्या बैठकीत तिनं धुण्याआधीचे आणि नंतरचे आकडे सर्वांदेखत फळ्यावर मांडले.

"नाक कापलंत माझं," तो बाहेर पडताना पुटपुटला.

शेवटी 'काही सापडलं नाही' असंच छापून आलं. पण पहिलं नाव त्याचं. परिषदेत हाच माणूस छाती काढून सांगत होता, "स्वच्छतेबाबत आम्ही कसलीही तडजोड केली नाही." ऐकणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. झोयाची बदली दुसऱ्या विभागात झाली. मला काढताना कुणीतरी आपटलं, माझी कड फुटली, आणि मी इथे आलो.

परवा ती जिना उतरताना थबकली. "तुला इथे टाकलं होय रे?" म्हणत तिनं सगळी थोटकं वर्तमानपत्रात गोळा केली, रुमालानं मला पुसलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा भरलो.

मित्रांनो, मला परत प्रयोगात बसवा असं मी म्हणत नाही; मी आता त्या लायक राहिलो नाही. पण जे हवं होतं नेमकं तेच हाती लागलं, असं ज्या दिवशी होईल, त्या दिवशी आधी उपकरण धुवा. मग उरेल तेवढंच तुमचं. आणि काहीच उरलं नाही, तर तेही न लाजता फळ्यावर लिहा.