दहावं बोट

“नऊच आहेत,” मावशी म्हणाली.

हातातून काढलेले प्लॅस्टिकचे हातमोजे तिने ओट्यावर पसरले होते आणि एकेक बोट तपासत होती. उजव्या मोज्याच्या अंगठ्याचं टोक नव्हतं. समोरच्या पातेल्यात कुस्करलेला बटाटा वाफाळत होता. हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर ज्यांना धड गिळताही येत नाही, अशा चाळीस रोग्यांचं ते दुपारचं जेवण.

व्यवस्थापक मनगटाकडे बघत आला. या खोडीमुळे अख्खं स्वयंपाकघर त्याला ‘घड्याळ’ म्हणे, अर्थात पाठीमागे.

“काय नऊ?”

“मोज्यांची बोटं. एक टोक तुटलंय. बटाट्यात असणार.”

“दिसतंय का?”

“दिसेल कसं? पारदर्शक आहे. पूर्वीचे निळे असते तर लगेच दिसलं असतं. महिनाभर कानीकपाळी ओरडतेय मी.”

निळे मोजे महाग पडतात म्हणून त्यानेच बंद केले होते. हे नवे म्हणजे नुसता देखावा. भांड्याच्या कडेला लागले की फाटायचे. बाकीच्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. सकाळी चढवलेला मोजा संध्याकाळी उतरायचा. मधे त्याच मोज्याने फोन उचलायचा, नाक पुसायचं आणि पावही कापायचा, असला कारभार. मावशी मात्र काम बदललं की मोजे बदलायची आणि काढले की बोटं मोजायची. हिचे मोजे मोजायलाच असतात, अशी तिची टिंगल बावीस वर्षं चालली होती.

“वाढा,” घड्याळ म्हणाला. “एवढंसं प्लॅस्टिक पोटात गेलं म्हणून कोण मरतंय?”

“पोटात जाणारच नाही ते. घशात अडकेल.”

“मावशी, वेळ झालीय. ट्रॉली भरा.”

तिने पातेलं उचललं. त्याला वाटलं, ऐकलं म्हातारीने. तिने ते सरळ खरकट्याच्या बादलीत उलटं केलं.

सगळ्यांची एकदम तोंडं सुटली.

“आता परत सोलायचे कुणी?”

“हिला मिरवायला हवं, राबायचं आम्ही!”

“अक्कल गहाण टाकलीस का?” घड्याळ ओरडला. तिच्या मुलाच्या वयाचा माणूस, पण ‘तुम्ही’वरून ‘तू’वर यायला त्याला क्षण लागला नाही. “घाल हात त्या बादलीत. तुकडा शोधून दाखव. सापडला तर उद्या ये. नाही तर तोंड दाखवू नकोस.”

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती खाली बसली आणि उघड्या हातांनी बादली चिवडू लागली. बटाटा अजून चटके देत होता. जाता-येता कुणी ना कुणी टोमणा मारून जाई. तिचे कान मात्र ट्रॉलीकडे होते. तासाभराने नवा बटाटा वर गेला, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. तुकडा काही सापडला नाही. तिने ॲप्रन घडी करून ओट्यावर ठेवला. कुणी थांब म्हणालं नाही.

घराच्या दारात चप्पल काढताना तळाला काहीतरी चिकटलेलं दिसलं. मळकं, चुरगळलेलं. तिने नखाने सोडवलं. अंगठ्याचं टोक.

सगळं ऐकून सुनेने कपाळावर हात मारला.

“म्हणजे बटाट्यात काही नव्हतंच! उगाच घालवलीत नोकरी.”

“नव्हतं हे आता कळलं.”

“मग उद्या घेऊन जा ना हे. बादलीत सापडलं म्हणा. कोण विचारतंय?”

मावशीने ते टोक तळहातावर घेतलं. उद्या सकाळी उठून जायचं कुठे? एवढं एक वाक्य बोललं की ओटा परत मिळणार होता, आणि घड्याळाची चांगली जिरणारही होती. खरं सांगितलं तर तो हे टोक सगळ्यांपुढे नाचवेल.

“बादलीत नव्हतं ते,” ती म्हणाली.

“मग बसा घरी!” सून तणतणत आत गेली.

मावशीने ते टोक अंगठ्यावर चढवून पाहिलं. बरोबर बसलं.

“दहा,” ती पुटपुटली.

मग टोक कचऱ्यात टाकून तिने साबण लावून हात धुतले, कोपरापर्यंत, कामाला लागण्याआधी रोज धुवायची तसे.