आमच्या शाळेची मागणी निरंक

सरकारी कागदावर एक शब्द फार सोयीचा आहे, निरंक. म्हणजे काही नाही. शाळेत साप चावलेली मुलं किती? निरंक. पत्रे उडालेल्या खोल्या? निरंक. आकडा लिहिला की वरून खुलासा मागतात आणि खुलासा लिहीत बसलं की तिकडे वर्गात बाजार भरतो. म्हणून आम्ही मास्तर-मास्तरणी डोळे मिटून निरंक लिहितो. मीही लिहिलं, आणि त्याच शब्दानं माझ्या शाळेचा घात केला.

मी धम्मशीला, हिवरा आश्रमच्या पलीकडे एका खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेची प्रभारी मुख्याध्यापिका. पहिली ते सातवी असे वर्ग सात आणि शिकवणारे दोघं, मी आणि मतीन सर. तीन वर्षं झाली, आणखी दोन शिक्षक मागते आहे. अर्जांच्या प्रतींनी कपाटाचा एक कप्पा भरला.

जुलैतल्या एका मंगळवारी पावणेअकराला तालुक्याच्या कार्यालयाकडून मोबाइलवर एक तक्ता आला. विधानसभेत आमच्या भागातल्या शाळांवर लक्षवेधी लागली होती, म्हणजे आमदार प्रश्न मांडणार आणि मंत्री उत्तर देणार. बत्तीस रकाने, मुदत बारापर्यंत. खाली धमकी होतीच, ‘विलंबास मुख्याध्यापक जबाबदार.’ माझ्या एका हातात खडू, दुसऱ्यात मोबाइल आणि समोर तिसरी-चौथीची मारामारी. पहिल्या रकान्यात निरंक लिहिलं आणि बोटानं खालपर्यंत ओढत नेलं. त्या ओढण्यात ‘आवश्यक शिक्षक’ हा रकानाही निरंक झाला. मी पाहिलंसुद्धा नाही.

शुक्रवारी मतीन सरांनी शाळेच्या व्हरांड्यात मोबाइलवर अधिवेशन लावलं. शाळा समितीचे अध्यक्ष पंजाबराव आले, सहावीतल्या गुलनाजची आई बानो आली, आणखी पाच-सहा पालक आले. आमदार चांगले बोलले. आमच्या शाळेचं नाव घेऊन, दोन माणसं सात वर्ग कशी शिकवतात आणि शाळांसाठीचा पैसा जातो कुठे, असं त्यांनी खडसावून विचारलं. मग मंत्री उठले. हसतच उठले.

“तिजोरीवरचा ताण सन्माननीय सदस्यांना ठाऊक आहे. शिवाय या शाळेची शिक्षकांची मागणी निरंक असल्याचं तिथल्या मुख्याध्यापकांनीच कळवलं आहे. सहावी-सातवीचे वर्ग शेजारच्या शाळेत समायोजित करण्यात येतील.”

बाकं वाजली. सभागृह पुढच्या विषयाकडे वळलं.

समायोजित म्हणे! सरळ बंद करतो म्हणायला जीभ झडते काय यांची? ती शेजारची शाळा सात किलोमीटरवर, मधे नाला, आणि एसटी त्या रस्त्यानं जातच नाही.

बानोनं माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, हे तुमी लिवलं?”

“हाव.”

“काऊन लिवलं? गुलनाजचे अब्बा तिले तितक्या दूर नाई पाठवत. खतम झाली ना तिची शाळा!”

मला शरमेनं मान वर करता येईना. पण त्याहून जास्त संताप आला. चूक माझी होती, शंभर वेळा माझी. पण सात वर्गांना दोन माणसं हे आमदारांनी यांच्या तोंडावर सांगितलं होतं की नाही? एवढ्या मोठ्या सभागृहात एकालाही सातला दोननं भागता येऊ नये? एक शब्द वाचला आणि लागले बाकं बडवायला!

सोमवारी मी तालुक्याच्या कार्यालयात पत्र घेऊन गेले. बानो आणि पंजाबराव सोबत होते. पत्र चार ओळींचं. माहिती चुकली. चूक माझी. दोन शिक्षक पाहिजेत. वर्ग हलवू नका. तिथल्या साहेबांनी ते वाचून परत माझ्याकडे सरकवलं.

“मॅडम, ते आता सभागृहात वाचल्या गेलं. तुम्ही चुकलं म्हणान तर सभागृहाची दिशाभूल झाली असं होते. तुमच्या नोकरीवर येईन. घरी न्या हा कागद.”

“अन् पोरी?” मी विचारलं.

“पोरींचं पाहू ना मंग.”

“तीन वर्सं झाले, पाहूनच राह्यले तुमी,” पंजाबराव म्हणाले.

साहेब खरोखर माझं भलंच पाहत होते आणि मला त्याचाच जास्त राग आला. मी पत्र पुन्हा पुढे केलं. पोच मिळेपर्यंत खुर्चीवरून हलले नाही.

तीन वर्षांत माझ्या एकाही अर्जाला उत्तर आलं नव्हतं. या पत्राला तिसऱ्या दिवशी आलं. सभागृहाची दिशाभूल केल्याबद्दल मी निलंबित. शाळेत उरले एकटे मतीन सर. एकट्या माणसाला सात वर्ग झेपणार नाहीत, हे मात्र सरकारला लगेच कळलं. त्याच आठवड्यात सहावी-सातवी हलवली.

निलंबनात मला तालुक्याच्या कार्यालयात हजेरी लावावी लागते. सकाळी येऊन सही करायची आणि दिवसभर बाकावर बसायचं. काम काही करायचं नाही. परवा बानो रेशन कार्डाच्या कामासाठी आली आणि माझ्याशेजारी टेकली.

“गुलनाज काय करते?” मी विचारलं.

“घरीच हाय. लहान्या भावाले सांभाळून राह्यली.”

तेवढ्यात बाबू निर्वाहभत्त्याचा कागद घेऊन माझ्या सहीसाठी आला. शाळेला द्यायला सरकारकडे पैसा नाही, पण दर महिन्याला ते मला अर्धा पगार देतं. न शिकवण्याचा.