मागच्या दिव्याचे सेल

नवनाथच्या बॅटरीतले सेल सहा महिने झाले तरी संपत नव्हते, आणि त्यानंच त्याची झोप उडाली होती.

दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. सायकलच्या हँडलला रबरानं बांधलेली दीडशे रुपयांची एलईडी बॅटरी, आत तीन बारीक सेल. फार तर पंधरा-वीस रात्री चालायचे. नवनाथची मात्र डिसेंबरपासून मे संपत आला तरी लख्ख जळत होती. त्या तिनातले दोन सेल त्याचे नव्हतेच. ते सावळीरामदादाचे होते, आणि सावळीरामदादा डिसेंबरातच गेला होता.

दोघंही एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंत्राटी कामगार, राहायला नाशिकरोडच्या एकाच वस्तीत. दुसरी पाळी रात्री अकराला सुटली की सामनगाव रस्त्यानं जोडीनं घरी यायचे. वाटणी ठरलेली. पुढे नवनाथ, पांढरी बॅटरी लावून. मागे सावळीराम, कॅरिअरला लाल दिवा लावून. दोघांत मिळून एक धड सायकल, अशी वस्तीत चेष्टा चालायची. बारा वर्षं हा काटकसरीचा कारभार बिनबोभाट चालला.

त्या रात्री नवनाथची बॅटरी अर्ध्या वाटेत मंदावली. सेल बदलायचं तो चार दिवस टाळत होता. "दादा, तुझ्या लाल दिव्यातले सेल दे की," तो म्हणाला. "मागून कोण येतंय आता?" सावळीरामनं दिले. दहा मिनिटांनी मागून ट्रक आला. तो थांबलासुद्धा नाही.

पंचनाम्यात लिहिलं गेलं, की मृताच्या सायकलला मागे दिवा होता, पण त्यात सेल नव्हते. वस्तीनं त्यावरून काय ते ठरवून टाकलं. सावळीराम मुलखाचा चिकट, चाळीस रुपये वाचवायला गेला आणि जीव घालवून बसला! नवनाथनं हे कानांनी ऐकलं आणि तोंड मिटून घेतलं. भित्रा माणूस, दुसरा शब्द नाही त्याला.

तेव्हापासून सामनगाव रस्त्याला लागलं की त्याच्या मागे सावळीरामच्या मडगार्डची खडखड सुरू व्हायची. हा थांबला की ती थांबायची, हा निघाला की निघायची. वळून बघायची त्याची छाती नव्हती. बॅटरी फेकून नवी घ्यावी, असं रोज मनात यायचं. पण फेकली तर ते सेल आपण दुसऱ्यांदा काढून घेतले असं होईल, असं काहीतरी त्याच्या डोक्यात बसलं होतं.

अशात एक दिवस सावळीरामची तेजल दारात आली. कंत्राटदारानं तिला बापाच्या जागी वजनकाट्यावर घेतलं होतं. सोमवारपासून तिची दुसरी पाळी, तोच रस्ता.

"काका, सायकलला लाइट घ्यायचाय. साडेतीनशेच आहेत. तुम्ही चला ना, मला त्यातलं काही कळत नाही."

नाही म्हणायला त्याची जीभ रेटेना.

बिटको चौकाजवळच्या गल्लीत योगेशचं सायकलचं दुकान आहे. उजेडात दिव्याची पारख होत नाही, म्हणून त्यानं शटर अर्धं खाली ओढलं आणि एकेक दिवा लावून दाखवायला सुरुवात केली. झूमवाल्याचा लांबवर रुपयाएवढा झगझगीत ठिपका पडायचा, चाकापुढचा खड्डा मात्र अंधारातच. डोक्याला बांधायचा घेतला तर मान वळेल तिकडे उजेड, समोरून येणाऱ्याचे डोळे दिपणार. पसरट उजेडाचा, चार्जिंगचा एक होता, तीनशे वीसला.

"डब्यावर हजार ल्युमेन उजेड लिहिलाय, त्यावर जाऊ नका," योगेश म्हणाला. "डब्यावर काय, उद्या माझाही फोटो छापतील."

"हाच दे," नवनाथ घाईनं म्हणाला. त्याला तिथून निघायचं होतं.

"आणि मागचा लाल?" योगेशनं विचारलं.

तेजलचा चेहरा कडवट झाला. "लाल आहे घरी, बाबांचा. त्यात मीच सेल घालून दिले होते, शिकवणीच्या पैशांतून. त्यांनी काढून रेडिओत घातले असतील. इतकं चिकट असावं का माणसानं?" मग तिचं लक्ष नवनाथच्या हातातल्या बॅटरीकडे गेलं. चोरीच्या भीतीनं तो ती काढून हातातच बाळगायचा. "त्यापेक्षा असलीच द्या, योगेशभाऊ. काकांची कधी मंदच होत नाही. कुठले सेल लागतात हिला?"

योगेशनं सहज हात पुढे करून बॅटरी घेतली आणि मागचं झाकण फिरवलं.

खडखड. भर दुकानात, नवनाथच्या अगदी पाठीशी.

"नको उघडू!" तो केवढ्यांदा ओरडला. मग तेजलकडे वळून म्हणाला, "ते सेल तुझेच हायेत, पोरी. बाबानं नाय काढले. मी मागितले. माझी विझत आली व्हती, म्हणून मी मागितले आन् त्यानं दिले."

योगेशनं झाकण तसंच अर्धवट ठेवून बॅटरी काउंटरवर टेकवली.

"सहा महिने मी त्यांच्या फोटोला हात जोडले नाहीत, काका," ती म्हणाली. "तुम्ही रोज आमच्या दारावरून जात होतात."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्यानं सोसल्या असत्या.

"देताना काय म्हणाले ते?"

हेच कुणी विचारू नये म्हणून तो इतके दिवस लपत होता. तो खाली बघूनच बोलला.

"म्हणला, घे. तू पुढं नीट बघ. मागं मी हायेच."

तेजलनं ओठ घट्ट आवळले. ती अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर गेली, दुकानाच्या पायरीवर बसली, आणि बाप गेल्यापासून पहिल्यांदा बापासाठी मोठ्यानं रडली.