पुसलेली काच

त्या सकाळी आवाज झाला तेव्हा मी कोनाड्यापुढे वात वळत बसले होते. आवाज मोठा नव्हता. पिठाचं पोतं भिंतीला टेकवताना होतो तसा, बोथट. त्याच्या मागोमाग एक बारीक कर्रर्र, लांबत गेलेली, आणि मग काहीच नाही.

मान वळवली तर मामंजी मागच्या दारापाशी उभे. एक तळहात काचेवर, दुसरा कपाळावर. वरच्या कोपऱ्यातून निघालेली एक भेग त्यांच्या डोक्याच्या उंचीपर्यंत खाली उतरली होती.

"बंद आहे होय," ते म्हणाले. "मला वाटलं, उघडलंयस."

आमचं मागचं दार म्हणजे जवळजवळ भिंतच काचेची. दोन तावदानं, एक कायमचं बसवलेलं आणि एक सरकतं. पलीकडे फरशीचं छोटं अंगण, चार कुंड्या आणि मामंजींची वेताची खुर्ची. माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर बस चालवली. निवृत्त झाल्यापासून सकाळचा पहिला तास त्या खुर्चीत बसायचं, एवढीच त्यांची दिवसाकडे मागणी. त्यांच्या डोळ्यांचं दुखणं विचित्र आहे. कडेचं सगळं गेलंय, मधलं तेवढं उरलंय, नळीतून पाहावं तसं. अंगणातली खुर्ची त्यांना स्वच्छ दिसते आणि पायाशी ठेवलेली बादली दिसत नाही.

माझा नेम साधा. उठून अंघोळ, मग ते दार आधी ओल्या फडक्यानं आणि मग कोरड्यानं पुसायचं, मग दिवा. दार पूर्वेकडे आहे. उगवतीचा उजेड काचेतून सरळ कोनाड्यात, देवाच्या पायावर येतो. तो मळक्या काचेतून गाळून यावा, हे माझ्या मनाला पटत नाही. दिवा लागेपर्यंत मी बोलत नाही आणि दार उघडत नाही, कारण वाऱ्यानं वात विझते. ज्योत स्थिर झाली की दार सरकवते. तेवढ्यात मामंजी उठून येतात आणि उघड्या दारातून खुर्चीकडे जातात. कितीतरी वर्षं हे असंच चाललं होतं. हल्ली मात्र त्यांची झोप लवकर मोडायला लागली होती, आणि त्या दिवशी ते दिव्याच्या आधी आले.

डॉक्टरीणबाईंनी टेंगूळ दाबून पाहिलं, डोळ्यांत बॅटरी मारली आणि मला बाजूला घेतलं. "या वेळी टेंगळावर भागलं. यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. डोक्याला पुन्हा मार बसला तर आतल्या आत रक्त वाहत राहील आणि बाहेरून तुम्हाला कळायचंसुद्धा नाही."

घरी येईपर्यंत मी त्यांचं मनगट सोडलं नाही. "सूनबाई, मी पळून चाललो नाही," ते म्हणाले, तरी नाही सोडलं.

ह्यांनी काचेवर खाकी चिकटपट्टीची भलीमोठी फुली मारली. मामंजींनी ती वाकून न्याहाळली. "आपटलो मी आणि पट्ट्या हिला."

दुसऱ्या दिवशी काचवाले आले. गोल चेहऱ्याचे, बोलताना आधी दाराकडे आणि मग माणसाकडे पाहणारे. त्यांनी भेगेवरून बोट फिरवलं नाही, बोटाची सावली फिरवली. काचेला हात लावायला तेही धजेनात.

"साधी जुनी काच आहे, ताई. ही फुटली की पात्या होतात. वरचा तुकडा सुटला तर सुरीसारखा खाली येतो."

"भरता नाही येणार?" ह्यांनी विचारलं.

"येईल की. भेगेत राळ भरू, वरून पारदर्शक कागद चिकटवू. फुटली तरी कागदाला धरून राहील. पण भेग कागदाचं ऐकत नाही. ऊन-थंडीनं सरकतच राहते." त्यांनी चौकटीवर टिचकी मारली. "नाहीतर ही काढून भट्टीत कडक केलेली बसवतो. ती सहसा फुटत नाही. फुटलीच तर खडीसाखरेसारखे बोथट दाणे. मापाची बनवून यायला जरा वेळ लागेल आणि बसवताना दिवसभर भिंत उघडी राहील."

"विचार करून सांगतो," हे म्हणाले. ह्यांचा विचार म्हणजे मुरायला घातलेलं लोणचं. बरणी कधी उघडेल सांगता येत नाही.

पण ह्या वेळी बरणी त्याच संध्याकाळी उघडली.

"भेग भरून घेऊ," हे म्हणाले. "काच काय, बदलता येईल पुढंमागं. खरा प्रश्न बाबांचा आहे. तू दिवा लावून दार उघडेपर्यंत त्यांच्या खोलीला बाहेरून कडी लावत जाऊ."

"कडी? आणि आत त्यांना काही झालं तर?"

"हाक मारतील."

"पडले तर हाक मारतील?"

हे वाईट मनानं बोलत नव्हते. हेही घाबरलेच होते. पण भिण्याच्या दोन तऱ्हा असतात, हे मला तेव्हा दिसलं. ह्यांच्या भीतीला माणूस जागच्या जागी हवा होता. माझ्या डोळ्यांसमोर मात्र मामंजी येत होते, सकाळी उठून दार ढकलणारे, ते उघडत नाही म्हणून पुन्हा ढकलणारे, आणि मग काही न बोलता पलंगावर जाऊन बसणारे.

पुढचे काही दिवस भेगेनं मला खाल्लं. ऊन चढलं की ती वाजायची. टक्. भाजी चिरत असले तरी माझा हात थांबायचा. मग बराच वेळ काही नाही, आणि मी विसरले म्हणेपर्यंत पुन्हा टक्. मी तिच्या टोकाशी काजळाचा ठिपका लावून ठेवला होता. संध्याकाळी पाहिलं तर भेग ठिपका ओलांडून पुढे गेलेली. वरचा तुकडा सुटेल तेव्हा खाली कोण असेल, हा एकच विचार डोक्यात. मी नेम सोडला नाही, पण काच पुसताना हात इतका हलका ठेवायची की फडकं नुसतं तरंगायचं. फुलीच्या पट्ट्या तेवढ्या कोरड्या ठेवायच्या म्हणून त्यांच्या कडेनं पुसायची. जप करताना माळ बोटांत पुढे सरकायची आणि कान दाराकडे असायचे.

मामंजी रोज दिव्याच्या आधी येऊ लागले होते. फुली दिसली की हात पुढे करून थांबायचे. "हिची तब्येत कशी आहे?" असं काचेबद्दल विचारायचे. मी बोलत नसे, मानेनं बरी म्हणायची. ज्योत लागेपर्यंत ते तसेच उभे. त्या सुरीखाली.

शेवटी मीच ह्यांना म्हटलं, "काच बदलायची. भरायची नाही. आणि नवी काच बसली की कडीचं नाव काढायचं नाही."

"आणि काही झालं तर?"

"तर मला जाब विचारा."

मी ह्यांच्यापुढे आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नव्हता, पण वाक्य चढलेलं होतं.

काच आली. जुनी काढताना काचवाल्यांनी आम्हा सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवलं. वरचा तुकडा निघाला तेव्हा झालेला आवाज मी भिंतीआडून ऐकला आणि डोळे मिटून घेतले. संध्याकाळी नवं दार जागेवर होतं. इतकं नितळ, की पाहिल्यावर वाटावं, बसवायचं राहूनच गेलंय.

"मधे एक दुधी पट्टी मारून देऊ का, ताई?" सामान आवरता आवरता काचवाल्यांनी विचारलं. "नव्या काचेवर लोक आपटतात. मीसुद्धा आपटलोय. स्वतःच बसवलेल्या काचेवर."

"नको," मी म्हटलं. "उजेड अडतो."

कोनाड्यावर आडवी सावली पडली असती. एवढाच विचार माझ्या मनात होता. फुटणारी काच गेली, न फुटणारी आली, माझा जीव भांड्यात पडला होता. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

सकाळी अंघोळ करून मी नव्या काचेला पहिल्यांदा हात लावला. किती दिवसांनी मनासारखी पुसली. ओलं फडकं, मग कोरडं, कोपरे बोटानं. काचवाल्यांच्या बोटांचे ठसे, रबराची काळी रेघ, सगळं काढलं. बाहेर खुर्ची, कुंड्या, आभाळाची गुलाबी कड, मध्ये काही नाही. मन भरून आलं. ओलं फडकं धुवायला मी ओट्यापाशी आले, नळाखाली खळबळलं, आणि वळले.

मामंजी खोलीतून निघाले होते.

रोज ते चाचपडत येत. आज चाचपडत नव्हते. आज त्यांना खुर्ची दिसत होती, लख्ख, मध्ये ना पट्टी ना फुली, आणि दार उघडं आहे असं समजून ते भरभर चालले होते. झोपेतून ताजे उठलेले, मान थोडी पुढे. बसच्या माणसाची ती चाल, डेपोतून वेळेवर सुटायचं असल्यासारखी.

मी ओरडायला तोंड उघडलं. घशातून काहीच निघालं नाही. नेम आडवा आला म्हणू की भीती, मला आजही सांगता येत नाही. स्वप्नात होतं तसं झालं. त्या एका क्षणात डोक्यात एकच वाक्य अगदी स्पष्ट उभं राहिलं: काच फुटणार नाही. मग काय फुटेल?

हातात ओलं फडकं होतं. ते मी फेकलं.

जन्मात मी कुणावर काही फेकलेलं नाही. ते मामंजींच्या कानाजवळून गेलं आणि त्यांच्या नाकासमोर हवेतच फाटकन आपटलं. थांबलं. मग हवेतून हळूहळू खाली घसरत गेलं, मागे पाण्याचा रुंद, गढूळ पट्टा ओढत.

मामंजी उभे राहिले. रात्रीच्या कानटोपीची कड काचेला टेकलेली. त्यांनी हात उचलला, बोटं पुढे केली, आणि बोटं काचेला लागली.

खाली फडक्यातून पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज.

"मागून फडकं मारून बस थांबवलेली पहिल्यांदा पाहिली," मामंजी म्हणाले. पण ते तसेच पाठ करून उभे राहिले, कारण वळले असते तर त्यांचे थरथरणारे ओठ मला दिसले असते.

मी खालीच बसले. काल मी दुधी पट्टी नको म्हटलं होतं. आज सकाळी पुसताना मला किती बरं वाटलं होतं. टेंगूळ आलं त्या दिवशीसुद्धा मी काच अशीच मन लावून पुसली होती. म्हणजे मला भीती वाटायला हवी होती ती न दिसणाऱ्या काचेची, आणि मी भीत बसले भेगेला.

आवाजानं हे उठून आले. भिजलेली काच, खाली बसलेली मी, काचेला हात लावून उभे बाबा. ह्यांना सांगावं लागलं नाही.

"आपटले का?"

"नाही रे," मामंजी म्हणाले. "तुझ्या बायकोचा नेम चांगला आहे."

हे हसले नाहीत. काचेकडे पाहून म्हणाले, "मी म्हणत होतो तेच. आजपासून कडी."

मामंजींचा हात काचेवरून खाली आला. ते खोलीकडे वळले, भिंतीला धरून, आता पुन्हा चाचपडत. पलंगावर जाऊन बसायला निघालेला माणूस मला माझ्या डोळ्यांनी दिसला, जसा आधी मनात दिसला होता तसाच.

दिवा लागलेला नव्हता. वात अजून तेलात घातलेली नव्हती.

"कडी लागणार नाही," मी म्हटलं.

हे दचकले. इतक्या वर्षांत ह्या वेळी ह्यांनी माझा आवाज ऐकला नव्हता. मामंजी जागच्या जागी थांबले.

"तुमची वायरींना गुंडाळायची ती लाल पट्टी कुठे आहे?"

"खणात. पण अगं, तुझा नेम..."

"आणा आधी."

मामंजींना मी दारासमोर उभं केलं, त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत पट्टी धरली आणि विचारलं, "दिसते?" जरा खाली, म्हणाले. आणखी जरा. "हां. आता लागला सिग्नल." हे एक टोक धरून होते आणि मी दुसरं. दोघांचं लक्ष मामंजींकडे होतं, म्हणून पट्टी वाकडी लागली. ती तशीच आहे. दुधी पट्टीसाठी काचवाल्यांना निरोप गेलाय, ते येतील तेव्हा येतील.

मग मी दिवा लावला. उगवतीचा उजेड आला आणि लाल पट्टीची सावली देवाच्या पायांवर आडवी पडली. मी हात जोडले. काय म्हणायचं ते सुचलं नाही.

आता मी पट्टीच्या वर पुसते आणि पट्टीच्या खाली पुसते. मधे मामंजींच्या तळहातांचे ठसे आहेत, त्यांना हात लावत नाही. ते अजूनही दिव्याच्या आधीच उठतात. मी वात वळत असते. मागून त्यांच्या चपला खोलीतून निघाल्याचं ऐकू येतं, सपक सपक, दाराच्या दिशेनं. त्या पट्टीपाशी थांबेपर्यंत मी श्वास घेत नाही.