तारेवरचा हात

गुणाजीने तांब्याच्या तारेचं टोक कौलांमधून खाली ओढलं आणि रेडिओच्या मागे गुंडाळलं. दोन्ही स्पीकर नुसते खरखरत होते. भाचा कान्हू मस्कतहून घेऊन आला तेव्हा हा स्टिरिओ रेडिओ साऱ्या गडब गावात मिरवला होता; आता मालकासारखाच म्हातारा आणि हट्टी झाला होता. कान्हूने सांगून ठेवल्याप्रमाणे गुणाजीने ‘स्टिरिओ’वरचं बटण ‘मोनो’वर सरकवलं. खरखर थोडी बसली, पण आवाज काही येईना.

खाटेवर गिरजाबाई उशीला टेकून बसली होती. गावात तिच्या धवल्याशिवाय, त्या लग्नाच्या गाण्याशिवाय, लग्न लागत नसे. हळदीपासून पाठवणीपर्यंतची सारी गाणी तिला तोंडपाठ. उन्हाळ्यात रेडिओवाल्यांनी पेणला बोलावून तिचा आवाज भरून घेतला, आणि भाताची लावणी उरकली त्या सुमारास तिचं उजवं अंग गेलं, वाचाही गेली. आज संध्याकाळी तो धवला रेडिओवर लागणार होता. स्वतःचाच आवाज कानावर पडला तर बायकोची जीभ हलेल, एवढ्याच आशेवर गुणाजी सकाळपासून कौलांवर चढत-उतरत होता.

गिरजाबाईने डावा हात उचलून भिंतीकडे दाखवलं. तिथे सुपात तांदूळ होते.

“निवडतो गो मागाहून. आता तांदळाचं काय मध्येच?”

तिने पुन्हा दाखवलं. तो वैतागून रेडिओकडे वळला. निवेदिकेचा आवाज आला आणि बुडाला. त्याने तार चिमटीत धरली मात्र, आवाज स्वच्छ झाला. सोडली की पुन्हा खरखर.

“जावय हाय नुसता! हात धरल्याबिगर बोलत नाय.”

बोलून गेला आणि त्याला स्वतःचाच राग आला. त्यांच्या घरी जावई कधी आलाच नव्हता. एकुलती एक शकू लग्न ठरल्यावर, हळदीच्या आधीच तापाने गेली होती. तेव्हापासून घरात तिचं नाव निघत नसे.

त्याने तार पुन्हा चिमटीत धरली आणि धवला सुरू झाला. गिरजाबाईचा तो जुना, खणखणीत गळा. नवरीचं नाव घातल्याशिवाय धवला म्हणायचा नाही, ही तिची रीत. पेणच्या त्या बंद खोलीत ना मांडव होता, ना नवरी. गुणाजी तेव्हा बाहेर चहा पीत बसला होता. कोणाचं नाव घेतलंस, हे त्याने कधी विचारलंही नव्हतं.

“आमच्या शकूला हळद लावा गो...”

गुणाजीने खाटेकडे पाहिलं. गिरजाबाईचा हात अजून सुपाकडेच होता, बोटं मिटलेली, अक्षता टाकायला धरतात तशी.

तार सोडावी, तर शकूचं लग्न मोडणार. त्याने पाय लांब केला. उभ्या जन्मात दाण्याला पाय लागू न देणाऱ्या त्या माणसाने सूप अंगठ्याने ओढत ओढत खाटेपाशी आणलं.

“माफ कर गो माय,” तो तांदळाकडे बघत पुटपुटला.

तिने वाकून मूठ भरली. गाण्यात लग्न लागलं तसे तिने तांदूळ उडवले. काही रेडिओवर पडले, काही त्याच्या केसांत. जीभ मात्र हलली नाही.

मग पाठवणी झाली आणि गाणं संपलं. निवेदिका भाजीचे भाव सांगू लागली. गुणाजीने तार सोडली नव्हती.

“गिरजे,” तो म्हणाला, “गेली गो पोर सासरी.”